बुंध्यावरचा आकडा



पंढरीच्या वाटेवर एखाद्या वर्षी रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांवर आकडे लिहिलेले दिसतात. गेरू-चुन्याचा पट्टा नेहमीचाच असतो; त्यावर एकापासून सुरू होऊन शंभर-दोनशेपर्यंत गेलेले आकडे मात्र नवे असतात. दुपारच्या विसाव्याला त्याच झाडाखाली आपण पथारी टाकतो. आकडा पाहतो आणि विसरतो. पुढच्या वर्षी त्या जागी खडीचा ढीग असतो आणि विसावा कुठेतरी पुढे उन्हात सरकलेला असतो.

आकडा आपल्या संप्रदायाला परका नाही. ज्ञानोबारायांच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, रथामागच्या दिंड्यांनाही आपापला क्रमांक असतो. दिंडीला क्रमांक मिळाला म्हणजे सोहळ्यात तिची जागा ठरली, तिचा मान ठरला, तिची दखल घेणे चोपदारांवर बंधनकारक झाले. झाडावरच्या आकड्याचा अर्थ मात्र सगळीकडे सारखा नसतो. कधी त्याचा अर्थ असतो, ‘हे झाड नोंदले आहे, याला हात लावायचा तर परवानगी घ्या.’ आणि कधी, ‘हे झाड तोडायच्या यादीत आहे.’ एकाच रंगाने लिहिलेल्या आकड्याचे हे दोन अर्थ कुठून आले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. तुम्ही सोबत चला.

आधी नोंद कशी होते ते पाहू. रस्ता रुंद करायचा असो, वसाहत उभारायची असो की एखादी इमारत बांधायची असो, जागेवर किती झाडे आहेत याचे सर्वेक्षण केले जाते. माणसे टेप घेऊन येतात. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, बुंध्याचा घेर मोजतात. मग तक्ता भरला जातो : अनुक्रमांक, झाडाची जात, घेर, अंदाजे उंची, झाडाची प्रकृती, आणि शेवटी शेरा. या शेऱ्याच्या रकान्यात बहुधा तीनपैकी एक शब्द असतो : ठेवणे, तोडणे किंवा पुनर्रोपण. हा तक्ता नकाशासोबत अर्जाला जोडला जातो, आणि झाडाचे पुढचे आयुष्य त्या एका शब्दावर ठरते.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले एक झाड डोळ्यांपुढे आणा. संगमनेर तालुक्यात पेमगिरी आहे. शहाजीराजांनी निजामशाहीच्या बाल वारसाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला, तो याच पेमगिरीच्या गडावर. त्या गावाच्या शिवारात एक वड आहे. पारंब्या जमिनीत उतरल्या, त्यांचे खोड झाले, त्या खोडांना पुन्हा पारंब्या फुटल्या आणि हा वड दोन-तीन एकरांवर पसरला. मूळ खोड कोणते, हे आता पाहणाऱ्याला सांगता येत नाही. हाच वड तक्त्यात कसा येईल? ‘जात : वड. संख्या : १.’ त्याच्या शेजारी परवा लावलेले गुडघाभर रोप असेल, तर तेही ‘संख्या : १’.

या दोन एकांत फरक आहे, हे तुम्हा-आम्हाला सांगावे लागत नाही. आळंदीचा अजानवृक्ष किंवा देहूची नांदुरकी यांच्यापुढे उभे राहून कोणी वारकरी संख्या मोजत नाही. तो हात जोडतो. पण कागदाला हा फरक समजायला फार काळ लागला. झाडांच्या नोंदीचा इतिहास हा या ‘एका’ला वजन येण्याचा इतिहास आहे, आणि तो अजून पूर्ण झालेला नाही.

आपल्या देशात रस्त्याकडेच्या झाडाविषयी राजाने लिहून ठेवलेला फार जुना लेख सम्राट अशोकाचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या त्याच्या सातव्या स्तंभलेखात, रस्त्यांवर वड लावले, आंब्याच्या राया उभ्या केल्या आणि ठराविक अंतरावर विहिरी खोदल्या, असे तो सांगतो. वड कशासाठी, तर माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. लाकूड, फळ, उत्पन्न यांचा तिथे विचार नाही. सावली हेच कारण पुरेसे मानले गेले. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या आणि आज ज्यांचे नाव आपल्या जिल्ह्याला आहे, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनीही घाट, विहिरी, धर्मशाळा बांधताना हाच वाटसरू डोळ्यांपुढे ठेवला होता.

झाड तोडण्याआधी काय विचारावे, याचा मराठीतला लिखित नियम सापडतो तो ‘आज्ञापत्रा’त. रामचंद्रपंत अमात्य शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत होते. पुढे १७१५ च्या सुमारास त्यांनी हे राजनीतीचे पुस्तक सिद्ध केले. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. गलबते बांधायची तर लाकूड लागणारच. ही गरज ते नाकारत नाहीत. आपल्या राज्यातल्या रानातला साग परवानगीने घ्यावा, कमी पडला तर दुसऱ्या मुलखातून विकत आणावा, असे ते सांगतात. मग आंबा, फणस अशा झाडांकडे वळतात. त्यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, तरी त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये.

माउली, आजचा तक्ता या उताऱ्याशेजारी ठेवून पाहा. अमात्यांनी तीन प्रश्न विचारले : झाडाचे वय किती? ते कोणी वाढवले? आणि ज्याचे झाड आहे, तो राजी आहे का? घेर आणि उंची यांचा तिथे उल्लेखही नाही. राज्याची गरज मोठी असली, तरी झाडामागे उभा असलेला माणूस त्यांनी नजरेआड केला नाही.

इंग्रजी अमदानीत नोंदी पुष्कळ वाढल्या, पण नजर बदलली. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी हिशेबात आले. जहाजे होतीच, त्यात रेल्वेचे स्लीपर आले. कोणत्या जातीचे लाकूड किती निघेल, हा मुख्य प्रश्न झाला. जे झाड इमारती लाकडाचे, त्याला नाव मिळाले. जे नाही, ते किरकोळात गेले.

या नजरेची सावली स्वातंत्र्यानंतरही राहिली. महाराष्ट्राने १९६४ साली वृक्षतोड विनियमन कायदा केला. त्याला एक अनुसूची जोडली. त्या यादीतल्या जातींचे झाड परवानगीशिवाय तोडायचे नाही. मूळ यादीत सोळा नावे आहेत : साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, अंजन, जांभूळ, हळदू अशी. यादी चांगलीच आहे. पण ती पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि आपल्या वाटेवरचे विसावे आठवा. तिच्यात वड नाही. पिंपळ नाही. कडुनिंबही नाही. ज्यांचे लाकूड, फळ किंवा बी बाजारात जाते, त्यांना कायद्याने नाव घेऊन जपले. जे फक्त सावली देतात, त्यांच्यासाठी त्या यादीत ओळ नव्हती. अशोकाला जे कारण पुरेसे वाटले, ते यादी करणाऱ्यांना सुचले नाही.

शहरांसाठी पुढचे पाऊल १९७५ साली पडले. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम त्या वर्षी आला. या कायद्यात जातींची यादी महत्त्वाची राहिली नाही. झाड आहे, एवढे पुरेसे झाले. प्रत्येक महापालिका आणि नगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरण असावे, त्याने दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी, आणि झाड तोडायचे तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, अशी व्यवस्था झाली. अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी करायची. पुढच्या दुरुस्तीने त्यात एक मोलाची गोष्ट आली : झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि त्या झाडावरच, ठळक दिसेल अशी, नोटीस लावायची. म्हणजे झाडाखालून जाणाऱ्या कोणालाही ती वाचता यावी आणि हरकत घेता यावी.

आणि २०२१ साली या कायद्यात आणखी दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. असे झाड तोडण्याची वेळ आलीच, तर त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत आणि ती सात वर्षे जोपासावीत, असे ठरले. ऐंशी वर्षांचा वड गेला तर भरपाईला ऐंशी झाडे. इथे प्रथमच तक्त्यातल्या ‘एका’ला वजन आले. आज्ञापत्रातला पहिला प्रश्न, झाडाचे वय किती, तीनशे वर्षांनी कागदावर परत आला.

पण माउली, यात एक खिंड आहे आणि आपली वाट नेमकी त्या खिंडीतून जाते. १९७५ चा कायदा नागरी क्षेत्राचा आहे. आपण चालतो ते बहुतेक दोन गावांच्या मधल्या रस्त्याने. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर, राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा असे करीत पंढरीला जाते. त्यातले नगर शहर महापालिकेचे, पण मिरजगावच्या अलीकडचे-पलीकडचे उघडे माळ कोणत्याही महापालिकेचे नाहीत. जिथे सावलीची गरज सर्वांत जास्त, तिथेच वडाच्या बाजूने बोलणारा कागद सर्वांत पातळ.

अशा ठिकाणी काय होऊ शकते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यात घडले. मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळ, यल्लम्मा देवीच्या मंदिरापाशी, सुमारे चारशे वर्षांचा मानला गेलेला एक प्रचंड वड होता. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या कामात २०२० साली तो तोडला जाणार, असे कळले. गावकरी आणि निसर्गप्रेमी वडाभोवती उभे राहिले. राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांनी केंद्रीय रस्ते मंत्र्यांना पत्र लिहिले आणि त्या जुलैत रस्त्याची आखणी बदलून वड वाचवण्याचा निर्णय झाला. नकाशा बदलता येतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्या काळात मात्र तो वड पावसाळ्यात कोसळला. जुने झाड पडण्याला अनेक कारणे असतात, आणि कोणावर दोष ठेवावा म्हणून मी हे सांगत नाही. त्या वडाने एक प्रश्न मागे ठेवला आहे, तो असा : झाड वाचवायचे म्हणजे किती जागा वाचवायची?

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमध्ये रुळले आहे. तिथे बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी ‘बीएस ५८३७’ नावाचे मानक आहे. ते प्रथम १९८० साली निघाले आणि २०१२ साली सुधारून आले. इमारतीचा नकाशा पक्का होण्याआधी झाडांचे सर्वेक्षण करावे, हे त्याचे पहिले सूत्र. आधी झाड, मग आखणी. दुसरे सूत्र मुळांचे. बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ झाडाभोवती आखायचे आणि त्या वर्तुळात खोदकाम करायचे नाही, यंत्रे फिरवायची नाहीत, माल रचायचा नाही. एक मीटर जाडीचा बुंधा असेल, तर चारी बाजूंना बारा मीटर माती त्या झाडाची. रस्त्याच्या कडेला बुंधा तेवढा उभा ठेवून भोवतीची माती उकरली, तर झाड वाचल्याचे समाधान कागदावरच राहते. आणि तिसरी गोष्ट तुम्हाला विशेष भावेल. तिथे झाडाची प्रतवारी करताना त्याची प्रकृती आणि देखणेपण यांच्या बरोबरीने त्याचे सांस्कृतिक मूल्यही पाहिले जाते. म्हणजे ‘या झाडाखाली दरवर्षी दिंडी विसावते’ हे वाक्य त्या तक्त्यात अधिकृतपणे लिहिता येते. आपल्या तक्त्यात त्यासाठी शेऱ्याच्या रकान्याशिवाय जागा नाही. पण शेऱ्याचा रकाना तरी आहे.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शुभारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर. पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथाची योजना. १६८५ साली तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज पालखी घेऊन निघाले, तेव्हा अशा रस्त्याची कल्पनाही कोणी केली नसेल. वाहनांच्या गर्दीत चिरडून वारकऱ्यांचे जीव जातात, हे आपण पाहिले आहे. रुंद रस्ता ही आपली खरी गरज होती. पण त्या रुंदीकरणात वाटेवरची कित्येक जुनी झाडेही गेली, हे वाटेवर चालणाऱ्याला सांगावे लागत नाही.

सरकारी अर्जात एक शब्द असतो : अर्जदार. कोणाच्या कामासाठी झाड तोडायचे, त्याचे नाव तिथे येते. पालखी मार्गाच्या बाबतीत तिथे खात्याचे नाव असेल; पण खरा अर्जदार कोण? ज्याच्या नावाने मार्ग झाला तो वारकरीच ना! तुकोबारायांनी झाडांशी आपले नाते सांगितले, ते आपण कीर्तनात आनंदाने गातो. नातेवाइकाचे घर आपल्या सोयीसाठी पाडले गेले असेल, तर निदान त्याची विचारपूस करणे आपल्याकडे लागते. त्या शुभारंभाच्या दिवशीच मार्गालगतच्या गावांनी पदपथाच्या कडेने झाडे लावावीत आणि वाढवावीत, असे आवाहन झाले होते. ते आवाहन आपल्यालाही आहे. नवे रोप सावली देण्याइतके मोठे व्हायला एक पिढी लागते. म्हणजे आज लावलेल्या वडाखाली आपली नातवंडे विसावतील, आणि मधली वर्षे आपण उन्हात चालायची आहेत. हे ऊन आपल्या वाट्याचे देणे आहे, असे समजून चालावे.

मग करायचे काय? कायदा येईपर्यंत थांबायचे नसते, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात आदर्श गाव योजनेत जाताना कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली. ती कोणा वृक्ष अधिकाऱ्याने लादली नव्हती. गावाने बसून ठरवली आणि गावाने पाळली. उघडे बोडके डोंगर पुन्हा हिरवे झाले. ज्या गावाला आपले झाड आपले वाटते, तिथे बुंध्यावर आकडा नसला तरी चालते.

आणि जिथे कागदच बोलतो, तिथे कागदात शिरायची वाटही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही असावी, असे सांगितले आहे. गावातली झाडे, त्यांचे उपयोग, त्यांच्याशी जोडलेल्या रूढी हे सगळे त्या नोंदवहीत लिहिता येते. तुमच्या गावच्या वेशीवर वड असेल आणि त्याखाली पालखी विसावत असेल, तर ग्रामसभेत ते सांगा आणि नोंदवहीत लिहून घ्या : जात, बुंध्याचा घेर, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीप्रमाणे वय, आणि कोणत्या दिंडीचा तिथे कोणत्या तिथीला मुक्काम वा विसावा. उद्या रस्त्याचे सर्वेक्षण करणारा टेप घेऊन आला, तर त्याच्यापुढे ठेवायला गावाचा एक कागद हवा. शहरात राहत असाल, तर झाडावरची नोटीस वाचत जा आणि दिलेल्या मुदतीत दोन ओळींची हरकत लिहून द्या. ‘तोडणे’ आणि ‘ठेवणे’ यांच्यामध्ये पुष्कळदा एवढ्या दोन ओळींचेच अंतर असते.

शेवटी आपल्या सोहळ्यातली एक रीत आठवून थांबतो. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात शांत होतात. पण एखाद्या दिंडीवर अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तिचे टाळ एकटे वाजत राहतात. मग चोपदार तिच्यापाशी जातात, तिचे म्हणणे ऐकून घेतात, आणि त्यानंतरच आरती होते. आपल्या पूर्वजांनी हरकत आणि सुनावणी यांची केवढी सुंदर व्यवस्था करून ठेवली आहे! पण ती ज्याच्या हाती टाळ आहे त्याच्यासाठी.

विसाव्याच्या वडाला क्रमांक मिळतो, पण त्याच्या हाती टाळ नाही. यंदा वाटेवर बुंध्यावर आकडा दिसला, तर माउली, क्षणभर थांबा. आकडा लिहून घ्या, तो कशासाठी घातला आहे ते गावात विचारा, आणि गरज पडली तर त्याच्या वतीने आपले टाळ थोडा वेळ वाजते ठेवा.

रामकृष्णहरी.